‘मारहाण झाली’ एवढंच लिहून भागत नाही

घरातला हिंसाचार, लैंगिक अत्याचार, पाठलाग, छळ अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांशी पोलिसांनी कसं वागावं आणि ते पोलिसांना कसं शिकवावं, हा या वेळच्या प्रश्नोत्तरांचा विषय. पोलीस प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि समुपदेशन या क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून उत्तरं दिली आहेत. पत्रं संक्षिप्त करून छापली आहेत.

आमच्या प्रशिक्षण केंद्रात या विषयावर एक दिवसाचं सत्र असतं. कायद्याची कलमं, आकडेवारी, एखादी चित्रफीत, शेवटी शपथ. अभिप्रायाच्या कागदावर सगळे ‘उत्तम’ लिहितात, पण ठाण्यात फरक दिसत नाही. काय चुकतं?
— प्रशिक्षण देणारे एक निरीक्षक

बंदूक चालवायला कुणी फळ्यावर शिकवत नाही. मैदानावर नेतात, चुका दाखवतात, पुन्हा चालवायला लावतात. समोर रडणाऱ्या, गप्प बसलेल्या किंवा संतापलेल्या माणसाशी बोलणं हेही असंच अंगवळणी पडावं लागतं, आणि आपण मात्र ते भाषणातून शिकवू पाहतो. कलमं पाठ असलेला हवालदारसुद्धा रात्री दोन वाजता ‘आधी असं का नाही सांगितलं?’ असंच विचारतो, कारण दबावाखाली तोंडून सवयीचंच वाक्य येतं.

म्हणून निम्म्याहून जास्त वेळ सरावाला द्या. एका तुकडीत वीसपेक्षा जास्त माणसं घेऊ नका. तिघातिघांचे गट करा: एक तक्रार घेणारा, एक तक्रारदार, एक निरीक्षण करणारा. बारा मिनिटं संवाद, आठ मिनिटं चर्चा, आणि लगेच त्याच प्रसंगाचा दुसरा प्रयत्न. हा दुसरा प्रयत्न बहुतेक ठिकाणी वेळेअभावी गाळला जातो. खरं शिकणं तिथेच होतं, कारण चूक सांगितल्यावर ती सुधारून पाहायची संधी तेवढीच असते. निरीक्षण करणाऱ्याने ‘चांगलं बोललात’ असा शेरा द्यायचा नाही. किती वेळा बोलणं तोडलं, किती प्रश्न ‘का’ने सुरू झाले, पहिला मोकळा प्रश्न (नुसत्या ‘हो-नाही’त ज्याचं उत्तर देता येत नाही असा) कितव्या मिनिटाला आला, हे मोजून सांगायचं.

तक्रारदाराची भूमिका प्रशिक्षणार्थींना देऊ नका. ते अवघडून हसतात आणि सगळा वर्ग हसण्यावारी जातो. तयारी करून आलेला नट किंवा अनुभवी समुपदेशक ती भूमिका करू दे. दुसरं असं की वर्गातल्या काहींनी स्वतः हे भोगलेलं असतं. सत्रात काय असणार आहे ते सुरुवातीलाच सांगा, कारण न सांगता बाहेर जाण्याची मुभा द्या आणि नंतर कुणाशी बोलता येईल तेही कळवा.

आणि बोलवायचं कुणाला, हाही प्रश्न आहेच. सहसा फक्त तपास अधिकारी येतात. तक्रारदाराला आधी भेटतात ते मात्र फोन घेणारा, दारावरचा शिपाई, ठाणे अंमलदार आणि गाडीचा चालक. तो किंवा ती परत जाणार की थांबणार, हे पुष्कळदा या चौघांच्या वागण्यावरच ठरतं.

पहिल्या दहा मिनिटांत नेमकं काय करावं? नवीन अंमलदाराला सांगता येईल अशा शब्दांत लिहा.

आधी जागा. काउंटरवर, चार माणसांच्या कानांसमोर, विचारपूस सुरू करू नका. स्वतंत्र खोली नसेल तर निदान कोपऱ्यात दोन खुर्च्या टाका. त्या समोरासमोर न ठेवता थोड्या तिरप्या ठेवा, आणि तक्रारदाराला दार दिसेल अशा बेताने. सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवायचं की आत, हे त्या सोबत्याला विचारू नका. तक्रारदाराला एकटं गाठून विचारा. आधार म्हणून आलेला नातेवाईकच कधी कधी पाळत ठेवायला आलेला असतो.

मग तीन प्रश्न, याच क्रमाने: ‘आत्ता कुठे दुखतंय का, डॉक्टरांची गरज आहे का?’, ‘तो माणूस या क्षणी कुठे आहे?’, ‘घरी मुलं, म्हातारी माणसं किंवा आणखी कुणी धोक्यात आहे का?’ उत्तरं मिळाली की स्वतःचं नाव आणि हुद्दा सांगा, आता काय होणार, साधारण किती वेळ लागणार, काय लिहून घेतलं जाणार तेही सांगा. लैंगिक अत्याचाराची तक्रार असेल तर अंघोळ न करणं, कपडे न धुणं, शक्य असल्यास तपासणीआधी लघवीला न जाणं, याचं कारण समजावून सांगा. पण आधीच अंघोळ केली असेल तर चेहऱ्यावर नाराजी नको. पुरावा तरीही मिळू शकतो. कपडे कागदी पिशवीत, प्रत्येक कपडा वेगळा. प्लास्टिकमध्ये ओल राहते, बुरशी धरते आणि जैविक नमुना खराब होतो.

त्यानंतर एकच वाक्य: ‘जे झालं ते तुम्हाला जिथून सांगावंसं वाटेल तिथून सांगा, मी मध्ये बोलणार नाही.’ आणि खरोखरच बोलू नका. फिशर आणि गायझलमन या मानसशास्त्रज्ञांनी 1980च्या दशकात अमेरिकेतल्या पोलिसांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती तपासल्या, तेव्हा मोकळ्या प्रश्नाचं उत्तर सुरू झाल्यावर पोलीस सरासरी साडेसात सेकंदांत मध्ये बोलत असल्याचं आढळलं. सरावात घड्याळ लावून दोन मिनिटं गप्प बसायला लावा. बहुतेकांना ती दोन मिनिटं फार लांब वाटतात.

तक्रारदार दोन दिवसांनी वेगळंच सांगते. क्रम बदलतो, नवीन गोष्टी निघतात. यातून खोटेपणाचा संशय येणारच ना?
— तपास अधिकारी

भीतीच्या प्रसंगात लक्ष अगदी अरुंद होतं. हातातला चाकू स्पष्ट आठवतो, पण खोलीत कोण होतं, किती वाजले होते, आधी काय आणि नंतर काय, हे धूसर राहतं. झोप झाल्यावर, वातावरण बदलल्यावर काही तपशील वर येतात. त्यामुळे क्रम हलणं आणि भर पडणं हे नेहमीचंच आहे. ‘पहिल्यापासून क्रमाने सांगा’ असा आग्रह धरला की माणूस रिकाम्या जागा अंदाजाने भरतो, आणि पुढे उलटतपासणीत तोच अंदाज त्याच्यावर उलटतो. घाईचे, बंदिस्त प्रश्न विचारून आपणच विसंगती तयार करतो, असं म्हटलं तरी चालेल.

‘ओरडली का नाहीस?’ या प्रश्नाचंही तसंच. अतिभीतीत शरीर थिजतं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या दवाखान्यात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांनी असं लक्षणीय थिजणं अनुभवलं होतं. प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणजे संमती होती, हा निष्कर्ष इथेच कोसळतो.

पण प्रशिक्षकांनी दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. ‘विसंगती हाच खरेपणाचा पुरावा’ असं शिकवणं चूक आहे. विसंगतीवरून खरं ठरत नाही आणि खोटंही ठरत नाही. ती पडताळायची असते. पडताळायचं ते फोनच्या नोंदी, कॅमेरे, शेजारी, वैद्यकीय अहवाल यांच्याशी, आणि तक्रारदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता. ‘तेव्हा तुम्ही असं म्हणाला होतात, आता असं, खरं कोणतं?’ याऐवजी ‘हा भाग मला नीट समजलेला नाही, पुन्हा सांगाल का?’ असं विचारा. माहिती तीच मिळते आणि माणूस मिटून जात नाही.

जबाब लिहिताना भाषेच्या कोणत्या चुका होतात?

या प्रश्नाबद्दल मनापासून आभार. पुढे वकील, न्यायाधीश, डॉक्टर या सगळ्यांना भेटतो तो कागद. माणूस नंतर.

एक नेहमीचं वाक्य घ्या: ‘घरगुती कारणावरून पती-पत्नीत वाद होऊन मारहाण झाली.’ मारलं कुणी? कुणाला? कशाने? वाक्यात कर्ताच नाही. मराठीत ‘झाली’ हे क्रियापद फार सोयीचं आहे. पाऊस झाला तशी मारहाण झाली. ‘वाद होऊन’ म्हटल्याने दोघंही निम्मे-निम्मे दोषी ठरले, आणि ‘घरगुती’ शब्दाने प्रकरण किरकोळ झालं. तेच असं लिहा: ‘त्याने उजव्या हाताने माझा गळा धरून मला भिंतीवर दाबलं. मला श्वास घेता येत नव्हता. डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलगी दारात उभी होती.’ शब्द थोडे जास्त लागले, पण कृती, करणारा, परिणाम आणि साक्षीदार असं चारही हाती लागलं.

अशीच आणखी काही वाक्यं वर्गात फळ्यावर लिहून मोडून काढावीत. ‘शारीरिक संबंध ठेवले’ या शब्दांत दोघांची राजीखुशी गृहीत धरली जाते. जबरदस्ती झाली असेल तर काय केलं ते लिहा. ‘समजूत काढून पाठवले’ यात कुणाची समजूत काढली आणि कुणाला परत पाठवलं? ‘फिर्यादी नीट माहिती देत नाही’ याऐवजी जे दिसतं ते लिहा: हात थरथरत होते, तीन वेळा बोलणं थांबलं, पाणी मागितलं. शेरा वादात सापडतो, निरीक्षण टिकतं.

तक्रारदाराच्या तोंडी तिचे नसलेले शब्दही घालू नका. जी बाई ‘त्यानं मला ढकललं’ म्हणाली, तिच्या जबाबात ‘सदर इसमाने धक्काबुक्की केली’ आलं, तर न्यायालयात तिला आपलाच जबाब ओळखू येत नाही. शेवटी ‘जबाब वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ हे ठरलेलं वाक्य लिहिण्याआधी तो खरंच वाचून दाखवा, सावकाश, आणि दुरुस्त्या करू द्या. भाषा येत नसेल तर दुभाषी बाहेरचा हवा. मुलाला किंवा नवऱ्याकडच्या नातेवाईकाला दुभाषी करणं ही गंभीर चूक आहे.

गळा दाबल्याची तक्रार आहे, पण मानेवर खूण नाही. ‘साधी दुखापत’ असंच नोंदवावं लागतं.
— ठाणे अंमलदार

थांबा. खूण नाही म्हणून इजा नाही, असं इथे मुळीच धरू नका. अमेरिकेत सॅन डिएगो इथे गळा दाबल्याच्या 300 प्रकरणांची तपासणी झाली होती; तिचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या प्रकरणांत पोलिसांना कोणतीही खूण दिसली नव्हती, आणि आणखी 35 टक्क्यांत ती छायाचित्रात येण्याइतकी ठळक नव्हती. मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली तर वरून काही दिसत नाही, पण काही तासांनी किंवा दिवसांनी गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो. म्हणून सरळ डॉक्टरांकडे पाठवा आणि पत्रात ‘गळा दाबल्याची तक्रार’ हे शब्द स्पष्ट लिहा. नाहीतर तपासणारे डॉक्टर हातापायांवरच्या जखमा पाहून मोकळे होतात.

विचारायचं हे: एका हाताने की दोन्ही, की दोरी-ओढणीने? श्वास अडला का? शुद्ध हरपली का, थोडा वेळ आठवत नाही असं काही आहे का? आवाज बदललाय का, गिळताना दुखतं का? कपड्यांत लघवी झाली का? हे विचारताना आवाज खाली ठेवा. बेशुद्धीची ती मोठी खूण आहे आणि लाजेमुळे कुणी आपणहून सांगत नाही. तो त्या वेळी काय बोलत होता? पाहायचं हे: डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, पापण्यांच्या आत, कानांमागे बारीक लाल ठिपके, हनुवटीखाली ओरखडे. हे ओरखडे बऱ्याचदा तिच्याच नखांचे असतात, हात सोडवताना झालेले.

सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर वळ उशिरा आणि अंधुक दिसतात. बाजूने पडणारा प्रकाश घ्या आणि हलकेच दाबल्यावर कुठे दुखतं ते नोंदवा. छायाचित्रं तीन अंतरांवरून काढा: पूर्ण माणूस, शरीराचा भाग, आणि मोजपट्टी शेजारी धरून जवळून. तीच छायाचित्रं एक-दोन दिवसांनी पुन्हा काढा. वळाच्या रंगावरून तो किती तासांचा आहे हे मात्र सांगू नका. रंग तेवढा भरवशाचा नसतो.

या साऱ्याला एवढं महत्त्व का, तर आधी जोडीदाराने गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून जीव जाण्याचा धोका सहा-सात पटींनी जास्त आढळला आहे. हा अभ्यास 2008चा, अमेरिकेतल्या स्त्रियांवरचा आहे. ‘साधी दुखापत’ या शिक्क्याखाली हीच सूचना दबून जाते.

धोका मोजायच्या प्रश्नावल्या कितपत उपयोगी?

उपयोगी आहेत, टिकमार्क करायचा कागद झाला नाही तर. अमेरिकेतल्या परिचर्या-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी 1985 मध्ये, जोडीदाराच्या हातून जिवाला किती धोका आहे हे मोजणारी, अशी पहिली यादी परिचारिकांसाठी केली. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात 2005 पासून पोलीस घटनास्थळीच 11 प्रश्न विचारतात. धोका जास्त वाटला तर तिथूनच मदतकेंद्राला फोन लावतात आणि तक्रारदाराला बोलायला देतात. नुसतं मोजून न थांबता लगेच फोन लावणं हा त्या पद्धतीचा गाभा आहे.

कोणत्या गोष्टींकडे कान टवकारायचे? जिवे मारण्याची धमकी, हत्यार हाताशी असणं, गळा दाबणं, गरोदरपणातली मारहाण, जबरीचा संभोग, पाठलाग, ‘मी स्वतःला संपवीन’ अशी त्याची धमकी. आणि नुकतंच घर सोडलेलं असणं किंवा सोडायचं ठरवलेलं असणं. हे शेवटचं पोलिसांना नेहमी उलटं वाटतं. बाई माहेरी गेली म्हणजे सुटली असं धरून फाईल मागे पडते, आणि नेमका तोच काळ सर्वांत घातक असतो. प्रश्न त्या माणसाच्या कानावर पडतील असे विचारले, तर ‘नाही’ची रांग लागते आणि कागदावर धोका शून्य दिसतो. गुण कमी आले तरी ती स्वतः फार घाबरलेली असेल तर ती भीतीच धरून चाला.

दोघंही एकमेकांविरुद्ध तक्रार करतात. मग दोघांवर गुन्हा दाखल करणं हाच न्याय्य मार्ग नाही का?

सोपा मार्ग आहे, न्याय्य असेलच असं नाही. आधी दोघांना वेगळं करा, एकमेकांना दिसणार नाहीत आणि ऐकू जाणार नाही असं. मग जखमा वाचा. हातांच्या बाहेरच्या बाजूला वळ असतील तर वार चुकवले असावेत. एकाच्या कोपराखालच्या हाताला चावा किंवा चेहऱ्यावर ओरखडे असतील तर ती दुसऱ्याची, मागून धरलं किंवा गळा दाबला जात असताना केलेली, सुटकेची धडपड असू शकते. ज्याच्या अंगावर जास्त खुणा तो पीडित, असा हिशेब इथे चालत नाही. कोण कुणाला घाबरतं, आधी किती वेळा फोन आले होते आणि कुणाचे, पैसा-फोन-घराची किल्ली कुणाच्या ताब्यात आहे, हे पाहा. आणि एक सावधगिरी: मारणारा बहुधा शांत, नीटनेटका, ‘साहेब, तुम्हीच बघा’ म्हणणारा असतो, मार खाणारी विस्कटलेली, ओरडणारी. पहिल्या नजरेत तोच भला दिसतो.

हात उगारलेलाच नाही अशी प्रकरणंही असतात: पैसे काढून घेणं, फोन तपासणं, माणसं तोडणं. इंग्लंड-वेल्समध्ये डिसेंबर 2015 पासून असं नियंत्रण ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पण कायदा आल्यावरही पोलिसांना तो ओळखता येईना. तिथल्या प्रशिक्षित दलांवरचा 2021चा अभ्यास सांगतो की प्रशिक्षणानंतर या गुन्ह्यातल्या अटका सुमारे 41 टक्क्यांनी वाढल्या. ओळखायचं ते असं: एका घटनेऐवजी मागचे सहा महिने विचारा, ‘घरात कोणत्या गोष्टी करायला तुम्हाला भीती वाटते?’

महिला कक्ष असला की पुरे का?

मध्य प्रदेशात 180 पोलीस ठाण्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतंत्र जागा, प्रशिक्षण आणि ठरलेली कार्यपद्धती यांसह मदतकक्ष सुरू केले, तिथे स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वाढली. जिथे कक्षाची जबाबदारी महिला अधिकाऱ्यांकडे होती, तिथे गुन्हे दाखल होण्यात जास्त फरक पडला. तेव्हा कक्ष हवाच. पण तो झाला की बाकीचं ठाणं हात झटकतं. ‘मॅडम उद्या येतील, उद्या या’ हे वाक्य तिथूनच जन्मतं. कक्षाला सुटी असताना रात्रपाळीचा माणूस तक्रार घेऊ शकतो का, यावर त्या ठाण्याची परीक्षा करा.

पुरुष तक्रारदार आला तर?

तेच तीन प्रश्न, तीच खोली, तोच जबाब. ‘पुरुष असून?’ हे शब्दांत तर नकोच, चेहऱ्यावरही नको.

आणि मुलं?

मुलांची मुलाखत ज्यांनी तिचं खास प्रशिक्षण घेतलंय त्यांनीच घ्यावी. ठाणे अंमलदाराने जेवढं सुरक्षिततेसाठी लागतं तेवढंच विचारावं आणि मूल आपणहून जे बोललं ते त्याच्याच शब्दांत टिपावं. ‘काकांनी हात लावला ना?’ असा एक सुचवणारा प्रश्न सगळं प्रकरण पोखरतो. आइसलँडमध्ये 1998 पासून मुलांसाठी एकाच घरासारख्या जागी मुलाखत, तपासणी आणि उपचार होतात, म्हणजे मुलाला तीच गोष्ट पाच ठिकाणी सांगावी लागत नाही.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही हे कसं कळणार?
— एक वरिष्ठ अधिकारी

परीक्षेच्या गुणांवरून नाही. पर्यवेक्षकाने दरमहा पाच जुन्या फाईली काढून वाचाव्यात, आणि निवड स्वतः करावी. पहिल्या पानावर कर्ता सापडतो का, धोक्याचे प्रश्न विचारलेत का, वैद्यकीय पत्रात कारण लिहिलंय का, तक्रारदाराला नंतर फोन गेला का. राजस्थानात एका मोठ्या प्रयोगात संशोधकांनी बनावट तक्रारदार पाठवून पोलीस कसे वागतात हे पाहिलं होतं. त्याच प्रयोगात दिसलं की प्रशिक्षण आणि वरचेवर होणाऱ्या बदल्या थांबवणं, या दोन्हींनी तक्रारदारांचं समाधान वाढलं. बदल्यांचा मुद्दा लक्षात ठेवा: शिकवलेला माणूस तीन महिन्यांत बंदोबस्ताला किंवा दुसऱ्या शाखेत गेला, तर शिकवलेलं त्याच्याबरोबरच जातं.

तक्रारींची संख्या वाढली तर घाबरू नका. ‘गुन्हे वाढले’ म्हणून अधिकाऱ्याला झापलं, तर पुढच्या महिन्यात आकडा खाली येतो, कारण नोंदच थांबते.

बाई तक्रार मागे घेते. आमच्या माणसांची मेहनत वाया जाते, ते चिडतात. त्यांना काय सांगावं?

चीड समजते. पण तिच्या मागे घर, मुलं, पैसा, धमकी हे सारं उभं असतं, आणि त्यातलं एकही ठाण्यात आल्याने सुटलेलं नसतं. ‘पुढच्या वेळी येऊ नकोस’ असं त्या चिडीत निघालं, की ती खरंच येत नाही. मागे घेताना एकटीला विचारा, कुणाचा दबाव आहे का ते नोंदवा, आणि ‘पुन्हा काही झालं तर याच, मी किंवा माझ्या जागी जो असेल तो ऐकेल’ असं म्हणा.

तक्रार असो वा नसो, दोन-तीन दिवसांत एक फोन करा. आधी विचारून ठेवलेल्या नंबरवर, ठरलेल्या वेळी. दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं तेही आधीच ठरवून ठेवा. संदेश पाठवू नका, तो फोन कुणाच्या हातात असेल ते माहीत नसतं. उचलल्यावर पहिला प्रश्न: ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का? नसेल तर फक्त ‘राँग नंबर’ म्हणा.’ आणि आरोपी सुटणार असेल तर तो घरी पोहोचायच्या आत तिला कळलं पाहिजे. ही जबाबदारी कुणाची, ते नावासकट फाईलवर लिहिलेलं असू द्या.